काढायच्या राहिलेल्या माळा

२४ नोव्हेंबर, सोमवार

रक्तदाब १५४/९४.

डॉक्टरीणबाईंनी ही वही आकडे लिहायला दिली आहे. रोजचा आकडा, आणि खाली "दिवसभरात काय दगदग झाली ते दोन ओळींत." दोन ओळींत मावेल एवढीच दगदग असती तर त्यांच्या दारात गेलो कशाला असतो?

बाई वही वाचणार असतील म्हणून आधीच सांगून ठेवतो. मी नगरपालिकेच्या दिवाबत्ती विभागात फोरमन. नोकरीला चौतीस वर्षं झाली, जानेवारीअखेर सुटका. डावा गुडघा चार वर्षांपूर्वी कापून जोडलेला. रस्त्यावरचे दिवे, बागेतले दिवे, आणि वर्षातून एकदा चौकातलं नाताळचं झाड.

आज साहेबांनी बोलावलं. आमच्या साहेबांना आम्ही मागे 'उद्याच' म्हणतो, कारण त्यांना प्रत्येक काम उद्याच हवं असतं. यंदा झाड उजळण्याचा कार्यक्रम तेरा डिसेंबरला, शनिवारी संध्याकाळी. नगराध्यक्षा बटण दाबणार. "काका, तुमचं शेवटचं वर्ष. एकदम झोकात झालं पाहिजे." मी मान हलवली. झोकात म्हणजे काय ते त्यांनाही माहीत नसावं.

बटणाचं गुपित बायको, लांब्या आणि साहेब सोडून कुणाला माहीत नाही. मंचावरचं ते मोठं लाल बटण कशालाही जोडलेलं नाही. फार पूर्वी एका पाहुण्यांनी भाषणाआधीच कोपराने दाबलं, झाड लखलखलं आणि भाषणाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. तेव्हापासून बटण शोभेचं. झाडामागे माझी पत्र्याची पेटी असते. मी फांद्यांच्या फटीतून मंचाकडे बघत असतो आणि हात खाली आला की खटका ओढतो. एकवीस वर्षं या झाडाचे दिवे मी लावतो आहे आणि झाड समोरून उजळताना एकदाही पाहिलेलं नाही. वाईट वाटतं असं नाही. उभं राहायला लागत नाही, पेटीवर टेकता येतं.

दोन ओळींपेक्षा जास्त झालं.

२७ नोव्हेंबर

१५०/९२.

लांब्याला घेऊन चौकात गेलो. लांब्या म्हणजे माझा वायरमन, वीस वर्षांपासूनचा सोबती. हात वर केला की अर्धा खांब चढून होतो त्याचा. इतर गावांत या दिवसांत माळा चढवायची झुंबड असते. आम्हाला ते काम नाही. माझ्या गुडघ्याच्या वर्षी मी म्हटलं, लेकांनो, अकरा महिन्यांनी परत चढवायच्याच आहेत ना, मग उतरवता कशाला? राहू देत. तेव्हापासून माळा झाडावरच. कुठला दिवा गेला असेल तो बदलायचा, की झालं. बांधायची तार मी स्वतः आवळून दिली होती, चार वर्षांत एक पीळ सुटलेला नाही. साहेबांनी त्याबद्दल प्रशस्तिपत्र दिलं, श्रमबचतीचं. बायकोने ते काचेत बसवलं.

झाड मात्र यंदा पडेल चेहऱ्याचं दिसलं. शेंड्याकडचा तिसरा हिस्सा पिवळट, मधल्या दोन-तीन फांद्या टोकाला तांबूस. खाली बागवाली होती. दीड वर्षापूर्वी करारावर आलेली बाई, चाळिशीची, रोपवाटिकेमागच्या खोलीत म्हाताऱ्या वडिलांना घेऊन राहते. बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण कामाला खोट नाही.

"काका, सप्टेंबरपासून मागतेय. एकदा पाळण्याची गाडी द्या. वर काहीतरी आहे."

"वर दिव्यांच्या माळा आहेत बाई. आणखी काय असणार? घुबड?"

लांब्या हसला. ती हसली नाही. माणसाला खांबाच्या टोकापर्यंत उचलणारी ही पाळण्याची गाडी आमच्याकडे एकच, रस्त्यावरच्या दिव्यांना पुरत नाही, तर झाडांना कुठून देऊ? आणि पाळण्यात बसून झाडं बघायला जाणाऱ्यांची रांग लागली तर? पाणी कमी पडत असणार. झाडाचं दुसरं काय असतं.

१ डिसेंबर

१५२/९६.

साहेबांनाही पिवळं दिसलं. तेरा तारखेला फोटो निघणार, त्यात झाड आजारी दिसेल, म्हणून त्यांचा जीव वरखाली. "काका, तुम्ही सर्वांत जुने. कारण काय ते लेखी द्या. उद्याच."

उद्यापर्यंत कोण थांबतंय, तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं. 'माझ्या अनुभवानुसार पाण्याकडे दुर्लक्ष झाल्याने झाड सुकत असावे.' सही केली. 'असावे' लिहिलं आहे, 'आहे' लिहिलेलं नाही. साहेबांनी वाचून कागद फाइलीत ठेवला आणि समाधानाने पेनाचं टोपण लावलं.

घरी येऊन आरामखुर्चीत बसलो तो बूट न काढताच. बायको म्हणाली, "अहो, निदान पाय तरी वर घ्या." मला ते जमलं नाही. तिनेच बूट काढले. चौतीस वर्षं शाळेत मुलांना शिस्त लावून आलेली बाई, आता माझ्या बुटांच्या नाड्या सोडते. मला लाज वाटली, पण पाय मागे घेण्याइतकी ताकद नव्हती.

३ डिसेंबर

१४८/९०. जरा बरं.

सकाळी चौकावरून आलो. बागवाली पाइप लावून उभी होती. आळ्यात पाणी तुंबलेलं, तिचे बूट चिखलात. लांब्या म्हणाला, कालपासून सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा घालते. म्हणजे साहेबांनी माझा अभिप्राय तिला ऐकवला असणार, त्याचा उपयोग झाला म्हणायचा. माणसाला जरा टोचलं की काम सुधारतं.

४ डिसेंबर, गुरुवार

आकडा घेतला नाही.

शेंड्यावरच्या चांदणीचा दिवा गेला होता. लांब्याची कंबर धरलेली, म्हणून पाळण्यात मीच चढलो. बऱ्याच वर्षांनी वर गेलो. वर गार वारा होता. चांदणीचा दिवा बदलला, आणि जाता जाता एक सैल माळ पुन्हा बांधू म्हणून जुनी तार शोधायला गेलो, तर तार सापडेना.

म्हणजे होती, पण आत होती. खोडाला कमरपट्ट्यासारखा एक खळगा पडला होता, त्याच्या वर आणि खाली साल फुगून ओठांसारखी मिटलेली, आणि त्या फटीत तार. पकडीने ओढून पाहिली, हलली नाही. चीक आला. खाली आणखी एक, त्याखाली आणखी. फांद्यांनाही तसंच. जिथे जिथे मी आवळलं होतं तिथे तिथे.

जुनी झाडं अशी वेडीवाकडी वाढतातच. सालीला गाठी येतातच. माझे वडील सुतार होते, ते सांगत. तरी मी पाळण्यात बराच वेळ नुसता उभा राहिलो. खालून लांब्या ओरडला, "काय झालं?"

"काही नाही. सगळं ठीक आहे," मी म्हणालो.

बागवाली खाली पाइप गुंडाळत होती. तिने वर पाहिलं. मी चांदणीकडे पाहिलं.

५ डिसेंबर

१६८/१००. दगदग काही नाही.

७ डिसेंबर, रविवार

१६०/९८.

बागवालीला काल पत्र मिळालं. करार एकतीस डिसेंबरला संपेल, पुढे वाढवला जाणार नाही, खोली रिकामी करावी. कारण: कामातील निष्काळजीपणा; आधार: फोरमन यांचा अभिप्राय. लांब्याने कार्यालयातल्या शिपायाकडून ऐकलं. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

दुपारी बायकोला पत्राचं सांगितलं आणि म्हटलं, एका माणसाने झाडाला तार बांधली आणि काढायला विसरला, झाड तारेभोवती वाढलं, तर चूक त्या माणसाची की झाडाकडे बघणाऱ्याची?

ती वाटाणे सोलत होती. "विसरला का आळस केला?"

"दमलेला होता."

"तुम्ही दमला होता," ती म्हणाली. शेंगा सोलायचं थांबवलंही नाही. मग शेवटची शेंग सोलून, "ती बाई त्या म्हाताऱ्याला घेऊन जाणार कुठे?"

मी म्हटलं, मला काय माहीत. आवाज उगाच चढला. तिने भांडं उचललं आणि आत गेली. मला तिच्यावर राग आला, पण राग कशाचा ते शोधायला गेलो तर हाताला काही लागलं नाही.

९ डिसेंबर

१६२/९८.

गेलो एकदाचा साहेबांकडे. सकाळपासून तीनदा त्यांच्या दारावरून पुढे गेलो होतो, शिपायाला वाटलं मी रजा मागायला आलोय. आत जाऊन सांगून टाकलं. पाणी नाही साहेब, तार. आमच्या माळा. माझा अभिप्राय चुकला.

साहेबांनी दार लावलं. खिडकी ओढून घेतली. मग म्हणाले, "काका, माळा न काढण्याचा आदेश कोणाच्या सहीने निघाला?"

"तुमच्या."

"आणि प्रशस्तिपत्र?"

"तुमच्याच."

"मग?" ते खुर्चीत बसले. मला बसा म्हणाले नाहीत. "कार्यक्रम होऊ दे. नंतर बघू. जानेवारीत निवृत्ती, कशाला या भानगडीत पडता? तिला दुसरीकडे काम मिळेल. कष्टाळू आहे."

कष्टाळू आहे हे त्यांना माहीत होतं तर! मी जिन्यात कठडा धरून उभा राहिलो. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. माझं सांगून झालं होतं. पुढचं त्यांच्या डोक्यावर. इतकं हायसं वाटलं की तिथेच पायरीवर बसलो.

१२ डिसेंबर, शुक्रवार

१५८/९६.

रंगीत तालीम. मंच बांधला, लाल बटण पुसून ठेवलं, गाणाऱ्यांनी तीन गाणी म्हटली. चौदा जण, बहुतेक माझ्याच वयाचे, दोन गाण्यांच्या मधे खाली बसणारे. खटका ओढून पाहिला, सगळ्या माळा लागल्या. उजेडात पिवळेपण दिसत नाही. साहेब खूश.

फक्त उद्याचा दिवस. मग सात आठवडे, त्यातल्या रजा वजा जाता साडेचार. एवढं निभवायचं आणि घरी बसायचं. कुणाशी वाद नको, कुणाचं बोलणं नको. मी खरंच फार दमलो आहे. हे लिहिताना पेनसुद्धा जड लागतंय.

१४ डिसेंबर, रविवार सकाळ

काल काय झालं ते नीट लिहायला हवं, कारण उद्या लेखी खुलासा द्यायचा आहे आणि तिथे 'असावे' चालणार नाही.

साडेपाचपासून चौक भरला. पोरं खांद्यांवर, म्हाताऱ्या खुर्च्यांवर. बायको दुसऱ्या रांगेत. मी पेटीमागे. फांद्यांच्या फटीतून मंच दिसतो, आणि मंचाच्या अलीकडे झाडाचं आळं. काल त्या आळ्यापाशी बागवाली उभी होती. करार संपल्याचं पत्र मिळालेली बाई. तिला यायची गरज नव्हती, साप्ताहिक सुट्टी होती तिची. पोरं झाडाजवळ धावत आली की ती हात आडवा करायची. "मातीवर नको, बाळा. मुळं दबतात." एकाला म्हणाली, दुसऱ्याला म्हणाली, एका साहेबटाइप माणसाला बुटांसकट बाजूला केलं. चाळीस-पन्नास वेळा तरी तेच वाक्य म्हणाली असेल. तिच्या आवाजात राग नव्हता.

भाषणं झाली. नगराध्यक्षांनी लोकांना मोजायला लावलं. तीन, दोन, एक. हात खाली आला.

मी खटका ओढला नाही.

मी आधी ठरवलेलं नव्हतं, हे खरं लिहितो. हात खटक्यावर होता. ओढलाच नाही.

लोक थांबले. नगराध्यक्षांनी पुन्हा दाबलं. मग जोरात दाबलं, मग दोन्ही हातांनी. एक पोरगं म्हणालं, "लागलं का?" आणि सगळे हसले. साहेब धावत मागे आले.

"काय झालं? फ्यूज?"

"नाही."

"मग लावा ना, काका!"

"लावत नाही, साहेब."

त्यांनी मला बाजूला सारून पेटीत हात घातला. आत बारा खटके. कुठला ओढायचा ते त्यांना कुठे माहीत? एक ओढला, तर मंचावरचे दिवे गेले. गाणाऱ्यांना पुस्तकातलं दिसेना, तरी त्यांना वाटलं हीच खूण, आणि त्यांनी पाठ असलेलं गाणं सुरू केलं. एरवी मला हसू आलं असतं.

मी पेटीमागून बाहेर आलो. मंचाच्या तीन पायऱ्या चढलो. गुडघा कुरकुरला. गाणं आपोआप थांबलं. मला बोलता येत नाही. माइक हातात घेतला तर तो शिट्टी वाजवायला लागला. म्हणालो, झाडाचे दिवे मी लावतो, बटण लावत नाही. आज लावणार नाही, कारण ज्या तारांनी दिवे बांधलेत त्यांनी झाड आवळलंय. तारा मी बांधल्या. काढायचा कंटाळा केला. आणि पाणी कमी पडलं असं लिहून दिलं ते खोटं आहे. या बाईंनी पाणी कमी घातलेलं नाही. त्यांना काढू नका.

एवढंच. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि कुणी ओरडलंही नाही. नगराध्यक्षा साहेबांकडे बघत होत्या आणि साहेब पेटीकडे.

मला वाटत होतं, खाली उतरलो की बागवाली काहीतरी बरं बोलेल. हे लिहायला लाज वाटते, पण तसं वाटत होतं. ती पुढे आली.

"कधी कळलं तुम्हाला?"

"चार तारखेला. चांदणी बदलायला चढलो तेव्हा."

तिने बोटांवर मोजलं. "नऊ दिवस," म्हणाली. "काका, तुम्ही पाणी कमी म्हणालात म्हणून मी दुप्पट घालत होते. दोन्ही वेळा. मला वाटलं, एवढा जुना माणूस म्हणतोय तर माझंच चुकत असेल." तिने बुटाच्या टाचेने माती दाबली, पाणी वर आलं. "आता मुळंही कुजायला लागली असतील."

ती वाकून आळ्याचा काठ फोडायला लागली, पाणी बाहेर जावं म्हणून. हातांनीच. बायको खुर्च्यांमधून आली, पदर खोचला आणि तिच्या शेजारी बसून माती ओढायला लागली. मला बसता आलं नाही, गुडघा वळत नव्हता. मी माणसं बाजूला करत उभा राहिलो. मातीवर नको, म्हणत राहिलो.

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळी दहाला खुलासा दिला. साहेबांनी न वाचता घेतला. नगराध्यक्षांनी चारचौघांत विचारल्यामुळे बागवालीचं पत्र मागे घेतलं, माझ्या नावाचं निघालं. चौकशी होईल. निवृत्तीच्या आधी होते की नंतर, बघू. साहेब म्हणाले, "काका, हे तुम्ही काय करून ठेवलंत!" मी म्हटलं, "चार वर्षांपूर्वी केलं, साहेब." त्यांनी खुलासा फाइलीत ठेवला.

दुपारी पाळण्याची गाडी मीच मागून घेतली. आता मिळाली, लगेच. खाली लांब्या गाडीवर, वर बागवाली आणि मी. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, पीळ माझ्या हातचे आहेत, कुठे कुठे आहेत ते मला माहीत आहे. मग तिने सरकून जागा दिली.

खालून वर एकेक तार पकडीने तोडत गेलो. सतरा ठिकाणी. काही सुटल्या, काही सालीतच राहिल्या, त्या काढायला गेलं तर खोड सोलून निघेल म्हणाली. चीक बोटांना चिकटला, पकड हातातून सुटेना. ती प्रत्येक ठिकाणी नखाने साल खरवडून आत बघत होती. खाली हिरवं निघायचं. मग फिकट. मग शेंड्याकडे चार ठिकाणी खरवडलं आणि चारही ठिकाणी तपकिरी.

"इथून वर गेलं," ती म्हणाली. "कापावं लागेल. वरचा मेलेला भाग ठेवला तर कीड लागून खालीही जाईल."

चांदणी मी सोडवली. तिने करवत लावली. "धरा. बाजूच्या फांद्यांवर पडायला नको." मी दोन्ही हातांनी शेंडा कवटाळला. करवतीचा हादरा छातीत लागत होता. वाळलेल्या सुया गळून शर्टात, कॉलरच्या आत, डोळ्यांत. मधेच मी म्हणालो, "बाई, माझं चुकलं." ती म्हणाली, "नीट धरा."

सुटला तेव्हा सगळं वजन एकदम अंगावर आलं. फार नव्हतं. उंचीला माझ्या नातीएवढा असेल. लांब्याने पाळणा हळूहळू खाली घेतला. ती उतरली, करवतीचं पातं फडक्याने पुसायला लागली. झाडाला वरून सपाट पाहणं विचित्र वाटत होतं. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती.

मी विचारलं, "बाकीचं जगेल का?"

ती पातं पुसत राहिली. "सप्टेंबरमध्ये विचारलं असतंत तर हो म्हणाले असते," ती म्हणाली आणि पाणी किती उतरलंय ते बघायला आळ्याकडे गेली.

लांब्या म्हणाला, ठेवा खाली, गाडीत टाकतो. जागा होती. पण मला तो खाली ठेवता येईना. मी तसाच शेंडा धरून चौकात उभा राहिलो.